आतला हात

१

आमच्या कामाला दोन हात लागतात. एक भांड्याच्या आत, एक बाहेर. चाकावरून उतरवलेलं भांडं थोडं सुकलं, की आतल्या हातात दगडाचा गुळगुळीत गोटा धरायचा आणि बाहेरच्या हातात लाकडी थापटणं. गोटा आतून टेकवायचा, बरोबर त्याच जागी बाहेरून थापटायचं. मधली माती दबते, पातळ होते, पसरते, आणि भांडं हळूहळू मोठं होत जातं. आतला हात चुकला तर भिंत आत बसते. बाहेरच्यानं घाई केली तरी तेच.

पूर्वी दोन्ही हात माझेच होते. मग मला लकवा झाला आणि डावा गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, पण त्याला काही कळत नाही. चहा सांडला तरी कळत नाही. आंघोळीच्या वेळी कमलबाई तो उचलून धुते आणि परत माझ्या मांडीवर ठेवते, शेजारणीचं लेकरू सांभाळावं तसा. कमलबाई माझी बायको. डावा गेल्यावर माझा आतला हात तीच झाली.

थापटताना मी डोळे मिटून घेतो. डोळ्यांनी हे काम बिघडतं, कानांनी चांगलं होतं. मागे गोटा असला की थापटण्याचा आवाज भरीव येतो, नसला की पोकळ. पण डोळे मिटलेले असल्यामुळे आम्ही एक रीत पाडली. सुरू करायच्या आधी मी विचारतो, "हाय का?" ती म्हणते, "हाय." मगच पहिला ठोका. नाहीतर तिच्या बोटांवर यायचा.

गंगाखेडच्या अलीकडे, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला आमचं गाव. पाण्याचे माठ आता कमी जातात. आमचा मुलगा बालाजी मोबाइलवर फोटो टाकतो आणि परभणीच्या सुनेत्राताई शोभेच्या भांड्यांची मागणी देतात. त्यांचं घर सजवायच्या वस्तूंचं दुकान आहे. वेलबुट्टीच्या सुरया, भिंतीला लावायचे मोर, आणि ज्यात कुणी कधी पाणी भरणार नाही असे रांजण. एका नव्या बंगल्याच्या दारात ठेवायला त्यांनी असाच एक रांजण सांगितला होता. मी उभा राहिलो तर मांडीला लागेल एवढा उंच. तोंड मात्र लहान, एक हात जेमतेम जाईल इतकं.

२

माघातली दुपार होती. रस्त्यानं उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर मळीचा वास येत होता. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा वेळी उजेड पिवळा पडतो, राखेचे कण तरंगत राहतात, आणि माणसाला जागं असूनही झोपल्यासारखं वाटतं. चाकावरून बिनबुडाच्या उतरलेल्या रांजणाचं बूड थापटून बंद करून झालं होतं. पोट फुगवायचं बाकी होतं.

मी डोळे मिटले. "हाय का?" म्हणालो.

"हाय," असं आलं.

मी थापटायला लागलो. आवाज भरीव होता. इतका भरीव, की मला बरं वाटलं. गोटा माझ्या मनातल्या जागी माझ्या आधी पोचत होता. कमलबाई चांगली करते, पण तिचा हात माझ्या मागून येतो, एवढासा उशीर होतो. त्या दुपारी तो उशीर नव्हता. दोन्ही हात माझे होते तेव्हा जसं व्हायचं, अगदी तसं. मी रांजणाभोवती सरकत गेलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

मग लांबून कमलबाईचं हसणं ऐकू आलं. ती फाटकाशी उभी राहून नर्मदाबाईशी बोलत होती. नर्मदाबाई म्हणजे आमची शेजारीण.

मी डोळे उघडले. समोरचा, कमलबाईचा बसायचा ठोकळा रिकामा होता. रांजणाच्या तोंडात कुणाचा हात नव्हता. माझा उजवा हात मात्र लयीत होता, तो थांबेपर्यंत आणखी एक ठोका पडला. तोही भरीवच वाजला.

गोटा ठोकळ्याच्या शेजारी राखेत पडला होता. कमलबाई उठताना ठेवते तिथंच.

ती आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डोळा लागला असंल तुमचा. सपनात थापटलं असंल."

"अगं, मी विचारलं तर हाय म्हणलीस की."

"मी कुठं व्हते हितं? नर्मदाबाईच्या सुनेला दिवस गेलेत म्हणे, ते ऐकायलते."

ते उत्तर बाईचं होतं की बाप्याचं, मला आठवेना. उत्तर आलं, एवढंच आठवत होतं. स्वप्नच असेल म्हणून मी रांजणाकडे पाहिलं. थापटण्याचे ओले ठसे पोटावरून पूर्ण फिरून आले होते. भिंत कुठंही आत बसली नव्हती. एवढा गोल रांजण मी लकव्याच्या आधीसुद्धा फार थोडे केले असतील.

३

कच्चं भांडं घाईनं सुकू द्यायचं नसतं. आम्ही त्याला ओलं पोतं गुंडाळून सावलीत ठेवतो. मी बांबूच्या कामटीनं बाहेरून वेल कोरायचो, कमलबाई ओल्या फडक्यानं आतून पुसून घ्यायची.

पहिल्या दिवशी तिनं हात आत घातला, फडकं फिरवलं, आणि थांबली. मला वाटलं खडा लागला असेल. हात तसाच ठेवून बसून राहिली. तिच्या तोंडाकडे पाहिलं तर बाजारात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं ते झालं होतं.

त्याच वेळी माझ्या मांडीवरच्या डाव्या हातात ऊब आली.

आधी वाटलं, ऊन सरकून आलं. ऊन तर लांब होतं. ऊब वाढली. मग बोटं कळली. एकेक करून पाचही. कुणीतरी माझा पंजा आपल्या पंजात घेतला होता आणि अंगठा हळूहळू फिरवत होतं. मी खाली पाहिलं. हात एकटाच मांडीवर पडला होता.

"काय करायलीस गं?" मी विचारलं.

"काही न्हाई," ती म्हणाली. "आतून लय गुळगुळीत झालाय." आणि तिनं हात बाहेर काढला. माझ्या हातातली ऊब तिथंच गेली.

बालाजीला सांगितलं तर तो खूश झाला. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी शीर जागी होते. त्यानं माझ्या बोटाला चिमटा घेतला.

"कळलं का, आबा?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई रे."

"मग हात सरकारी झालाय तुमचा. मर्जी लागली तर काम करतो, नाहीतर खुर्चीवर नुसता कोट." राजेश्री, आमची सून, दारात उभी राहून हसली. मीही हसलो. शीर जागी झाली असेल, हे मला पटलं होतं. पटवून घेतलं होतं.

४

सुनेत्राताई रांजण बघायला गाडी घेऊन आल्या. कमलबाई नेहमीसारखी ठोकळ्यावर बसली होती. तोपर्यंत ती रोजच बसायला लागली होती. हात कोपरापर्यंत आत.

"मावशी, रांजणात काही हरवलं का काय?" त्यांनी विचारलं.

"हरवलं व्हतं," कमलबाई म्हणाली. "घावलं."

त्या मोठ्यानं हसल्या. "बरं, हात काढा जरा. फोटो घेते. बंगलेवाल्यांना आजच पाठवायचाय."

कमलबाईनं हात काढला, पण फार सावकाश. कुशीत झोपलेलं मूल जागं होऊ नये म्हणून बाई काढते तसा. सुनेत्राताईंनी बाहेरून फोटो घेतले, वेलीचं कौतुक केलं, मग मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं.

"अय्या, आत बोटं उमटलीत! बाबा, ही पुसू नका हं. हातचं काम आहे हे लोकांना दिसलं पाहिजे."

त्या गेल्यावर मी बालाजीच्या मोबाइलचा उजेड घेऊन आत वाकलो. पोटाच्या भिंतीवर खरंच पंजा उमटला होता. कमलबाईची बोटं बारीक आहेत, हा पंजा रुंद होता. तेही असो. तोंडातून हात घातला तर बोटांची टोकं खाली येतात. या ठशात ती वर होती. हात खालून वर आल्यासारखी.

बूड बंद करायच्या आधी रांजण उलटा ठेवला होता, तेव्हाचा ठसा असेल, असं मी स्वतःला समजावलं. तेवढ्यात आठवलं की त्यानंतर कमलबाईनं आत रोज ओलं फडकं फिरवलं होतं.

५

"कोणाचा हाय?" मी तिला एका दुपारी सरळ विचारलं.

तिला प्रश्न समजला. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुमचाच," ती म्हणाली. "डावा. अंगठ्याचं नख चिरलेलं हाय, त्यावरून वळखला. लकव्याच्या आधीचा हाय, बगा. धरला की धरतो."

"आन् हा?" मी मांडीवरचा हात उजव्या हातानं उचलून दाखवला.

"ह्यो धरतो का?"

मी तो परत मांडीवर ठेवला. मला माझ्याच हाताचा हेवा वाटला. कमलबाईनं कधी तक्रार केली नव्हती. आंघोळ घातली, सदऱ्याच्या गुंड्या लावल्या, भाकरी कुस्करून दिली. बदल्यात कुणी तिचा हात धरला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून मी तिला बसू दिलं. खोटं कशाला सांगू, मलाही ते हवं होतं. ती आत हात धरायची आणि इकडे माझ्या मेलेल्या हाताला तिची बोटं कळायची. शेडमध्ये आम्ही दोघं समोरासमोर, मध्ये रांजण, बाहेर उसाच्या गाड्यांची करकर. अशा कितीतरी दुपारी गेल्या. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा-म्हातारी पेंगायलेत.

पण तिचा हात रोज थोडा जास्त आत जायला लागला. कोपराच्या पुढं गेला, मग दंड, मग बगल रांजणाच्या काठाला टेकली. बांगड्या घासतात म्हणून तिनं त्या हातातल्या काढून ठेवल्या. राजेश्री ताट आणून ठेवायची आणि ते तसंच परत न्यायची. "आत्याबाई, दोन घास तरी खावा," म्हणायची. कमलबाई "हं" म्हणायची, आणि ते "हं" सुद्धा लांबून यायचं.

ती झोपली असताना मी एक काठी रांजणात सोडली. काठी टक् करून बुडाला टेकली. काठाजवळ काठीवर बोट धरलं आणि ती काठी तशीच झोपलेल्या कमलबाईच्या हाताशेजारी धरून पाहिली. माझं बोट तिच्या दंडाच्या मध्यावर आलं. बगलेपर्यंत हात घालायला त्या रांजणात जागाच नव्हती. आत बोटं मुडपून घेत असेल, असं मी म्हणालो. एवढंच म्हणता येण्यासारखं होतं.

मग तिचा हात उचलून पाहिला. उन्हाळा तोंडावर आला होता, शेड तापली होती, आणि हात खांद्यापर्यंत गार होता. ओल्या मातीसारखा. दुसऱ्या दिवशी चहाचा पेला तिच्या बोटांतून गळून पडला. तिनं बोटांकडे पाहिलं.

"कळंना झालंय," ती म्हणाली. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मला वाटलं. हे कसं सुरू होतं ते मला माहीत आहे. आधी बोटं जातात.

६

"परवा आवा लावून भाजून काढू," बालाजी म्हणाला. "रांजण सुकलाय. सुनेत्राताईंचे फोनवर फोन यायलेत."

"ह्याला इस्तू लावायचा न्हाई," कमलबाई म्हणाली.

"माय, बिनभाजला कसा देऊ? दारात ठेवला आन् कुणी पाणी शिंपडलं तर चिखल व्हईल की."

"ह्याला न्हाई लावायचा. त्येला लागंल."

"कोणाला?"

बालाजीनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. म्हातारपणाचं काहीतरी आहे, असं त्याला वाटलं. मला वाटलं, आव्यात रांजण लाल होईल तेव्हा माझा हात कुठं असेल. मी डावा हात सदऱ्याखाली घेतला.

आवा लावायच्या आदल्या दुपारी बालाजी गोवऱ्या आणायला गेला आणि राजेश्री गंगेवर धुणं घेऊन गेली. मी शेडमध्ये आलो तर कमलबाईचा खांदाही रांजणाच्या तोंडात गेला होता. त्या तोंडातून खांदा जाणार नाही. मी ते तोंड माझ्या हातानं वळलेलं आहे. तिचा गाल काठावर टेकला होता, पदर खाली पडला होता, दुसरा हात बाजूला लोंबत होता.

"कमल," मी हाक मारली.

तिचे डोळे उघडे होते. मी तिच्यासमोर वाकलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहतात तसं पाहिलं. माझी ओळख त्या नजरेत नव्हती. आत कुठंतरी हळू आवाज चालला होता. थप. थप. थप.

मी उजवा हात तिच्या कमरेभोवती घालून तिला उचललं. कित्येक दिवस न जेवलेली बाई, तिचं वजन ते काय असणार. पण ती येईना. कुणी रागानं धरलं होतं असं नाही. पाहुणी जायला निघाली की घरचे धरतात ना, "बसा हो, कुठं निघालात," तसं धरलं होतं. मग सुटलं. मी तिला गोधडीवर निजवलं. ती लगेच झोपली.

तिला झोपेत ठेवून मी रांजणापाशी परत आलो.

७

थापटण्याच्या एका फटक्यात तो फुटला असता. पण उजवा हात वर गेला आणि तिथंच राहिला. आत डावा होता.

कच्च्या भांड्याला पाणी घातलं की त्याची परत माती होते. मी हौदातून तांब्या भरला आणि रांजणाच्या तोंडात ओतला. माझ्या डाव्या बोटांना गार लागलं. किती वर्षांनी गार लागलं! मी दुसरा तांब्या ओतला. मनगटाला लागलं. त्यात दुखणं नव्हतं. गंगेत पाय सोडून बसल्यावर पाणी चढत यावं तसं ते चढत होतं. मी ओतत राहिलो. एका हाताचं काम, हौदाकडे जायचं, यायचं, वाटेत थोडं सांडायचं. डोळ्यांतून पाणी का येत होतं मला कळत नव्हतं. एवढा चांगला रांजण होता.

आधी वेल फुगली. मी कोरलेली पानं पसरट झाली आणि एकमेकांत मिसळली. मग पोट काळं पडलं, मऊ झालं, थोडं खाली बसलं.

आणि तेव्हा भिंतीला एका जागी उंचवटा आला. चादरीखालून कुणी हात फिरवावा तसा. चार बोटांची पेरं आतून दाबत दाबत पुढं गेली, थांबली, परत मागं आली. वाट शोधत होती. मी तांब्या हातात घेऊन बघत राहिलो. ती पेरं हळूहळू माझ्या बाजूला वळली. मग रांजण पूर्ण बसला आणि शेडभर चिखल झाला.

मी चिखलात हात घातला नाही. खराट्यानं सगळा एका कोपऱ्यात लोटला आणि वरून ओलं पोतं टाकलं.

८

उन्हं कलली तेव्हा कमलबाई उठली. शेडच्या दारात येऊन उभी राहिली. रिकाम्या जागेकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिलं. मी तोंड खाली घालून बसलो होतो. ती रडेल, नाहीतर मला बोलेल, असं वाटत होतं.

"भूक लागलीय," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "तुमी कामून चिखलात बसलेत असे? लेकराच्या वर झालं तुमचं."

तिनं मला ओळखलं होतं.

ती हातपाय धुऊन चुलीपुढं बसली. राजेश्री म्हणाली, "आत्याबाई, मी करते की." तर म्हणाली, "व्हय बाजूला. तुझी भाकरी लय जाड." बऱ्याच दिवसांनी तिचा असा आवाज घरात आला. राजेश्री माझ्याकडे बघून गालात हसली. बालाजी गोवऱ्या घेऊन आला, रांजणाचं कळल्यावर डोक्याला हात लावून बसला, मग मायला चुलीपुढं बघून त्यानं मोबाइल काढला. कमलबाईनं ज्वारीचं पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली. बोटं आधी अडखळली, मग चालायला लागली. तिला बोटं कळत होती. मी भिंतीला टेकून ते बघत बसलो. मला आणखी काही नको होतं.

तेव्हा माझ्या डाव्या हाताला कुणीतरी धरलं.

मी कमलबाईकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पिठात होते, मनगटापर्यंत. राजेश्री चुलीत काटक्या सारत होती, बालाजीच्या हातात मोबाइल होता.

धरणाऱ्याचा पंजा रुंद होता. गार होता, ओला होता. त्यानं आधी माझी बोटं चाचपली, एकेक, मोजून घ्यावीत तशी. मग पंजा जुळवला. तो इतका बरोबर जुळला की दोघांच्या मध्ये वारा जायला जागा राहिली नाही. मी खाली पाहिलं नाही. धोतराच्या सोग्याखाली हात होता, तो मी तसाच राहू दिला.

कमलबाईनं पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली, कुस्करली, वर पिठलं वाढलं. "खावा," म्हणाली, आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसली. मोठा घास घेतला. किती दिवसांनी तिचा जबडा हलताना मी पाहत होतो.

सोग्याखाली हलकीशी ओढ बसली. शेडच्या बाजूला.

"बसलात काय नुसते? चांगलं न्हाई झालं का?" तिनं विचारलं.

"लय चांगलं झालंय," मी म्हणालो, आणि उजव्या हातानं घास उचलला. ओढ परत बसली, आता थोडी जास्त. मी पाठ भिंतीला रेटली आणि दोन्ही पाय जमिनीला घट्ट लावले. तिचं जेवण अजून अर्धं व्हायचं होतं. तिचं पोट भरेपर्यंत तरी मी जागचा हलणार नव्हतो.